चुन्याचा दगड, काजळीचा दगड

ओल्या चुन्याचा वास आला की माझा उजवा तळहात अजून मिटतो. अकोल्याच्या कॉलेजात, एप्रिलच्या उन्हात, सरांनी पटांगणात दोन सारखेच दगड ठेवले होते. एकाला चुना फासलेला, दुसऱ्याला काजळी. लांबून पांढराच मोठा दिसत होता. पृथ्वीजवळून जाणारे लघुग्रहही असेच फसवतात, सर म्हणाले, नुसत्या उजेडावर जाऊ नका, खरा आकार कळायला त्यांची उष्णता मोजता आली पाहिजे. सर नव्यानं बौद्ध झालेल्या घरातले. आम्ही शेतीवाडीवाल्यांची पोरं त्यांच्या हातून काही घेत नसू. ते खाली ठेवत, मग आम्ही उचलत असू. त्या दिवशी त्यांनी काळा दगड रुमालात धरून सरळ माझ्या हातावर ठेवला. त्यांची बोटं लागली. चटक्यापेक्षा त्याचाच संताप डोक्यात गेला आणि मी तोच दगड त्यांच्या कपाळावर हाणला. रक्त चष्म्यावरून सदऱ्यावर ओघळलं. तोच रुमाल जखमेवर दाबून त्यांनी विचारलं, “हात पोळला ना तुहा? मंग सांग, कोनता दगड जास्त तापला?” मी थुंकलो आणि निघून गेलो. लघुग्रहांचा आकार आता खरंच उष्णतेवरून काढतात, हे परवा पेपरात वाचलं, आणि रिकाम्या घरात मी मोठ्यानं म्हणालो, काळा, सर, काळा.