ड्यूटीवरचा कोट

हवालदारीण पोलिसात कधीच नव्हती. तरी कवठे महांकाळहून जतकडे जाणाऱ्या रस्त्यावर तिच्याइतका धाक कुठल्या साहेबाचा नव्हता. सत्तरच्या दशकात मी त्या रस्त्यावर एसटी चालवत असे. पहिल्याच दिवशी वळणावर खाकी कोट दिसला आणि पाय आपोआप ब्रेकवर गेला. जवळ पोचतो तर बुजगावणं! कंडक्टर पोट धरून हसला.

कोट तिच्या नवऱ्याचा. मिलिटरीतला हवालदार. लढाईतून धडधाकट परत आला आणि याच वळणावर सायकलवरून येताना भरधाव ट्रकखाली गेला. तिथेच त्यांचं ज्वारीचं रान. वस्तीवरची पोरं, तिच्या नातवासकट, तिथूनच रस्ता ओलांडून शाळेत जात. तिने कोट काठीवर चढवला. नवऱ्याची निशाणी पाखरं हाकायला लावली म्हणून भावकीने तोंडसुख घेतलं. ती म्हणाली, "पाखरांसाठी न्हाई, ट्रकांसाठी हाय त्यो."

पण ड्रायव्हरची जात मोठी बेरकी. थोड्याच दिवसांत सगळ्यांना काठी कळली आणि गाड्या पुन्हा सुसाट सुटल्या. मग एका सकाळी बुजगावण्याने हात वर केला आणि माझी बोबडीच वळली. कोटात ती स्वतः होती, डोक्याला नवऱ्याचा फेटा. मी गाडी थांबवून खवळलो, "म्हातारे, मरायचं हाय का?"

"कवा कोट हुबा हाय आन् कवा मी, ह्ये तुमाला कळायचं न्हाई," ती म्हणाली. "आता दमानंच जा बाबा."

तेव्हापासून मी तिथे हॉर्न वाजवी. ती असली तर हात वर होई. नाही झाला, तर आज काठीची पाळी. एकदा भर उन्हाळ्यात विचारलं, "मावशी, उकडत न्हाई?"

"उकडतंय की. पर ह्यांच्या अंगाचा वास हाय अजून ह्येच्यात."

एका सुगीत बरेच दिवस हात वर झालाच नाही. मी आपला रोज हॉर्न देत होतो. बाजारच्या दिवशी तिची सून गाडीत चढली.

"आत्या गेल्या. तापाचं निमित्त झालं," ती म्हणाली. "बायका म्हनल्या, मामंजींचा कोट सरणावर संगट द्यावा. पर आत्यांनी आदीच बजावलं हुतं, कोट जाळू नगा, त्यो ड्यूटीवर हाय."

इतके दिवस मी रिकाम्या कोटाला हॉर्न देत होतो. त्या दिवशी मला रडू आवरेना.

आता त्या वळणावर वेग मोजणारा कॅमेरा आहे. माझा मुलगा तिथे गाडी हळू करतो आणि कॅमेरा मागे पडला की पुन्हा पाय दाबतो. मी त्याला एवढंच म्हणतो, इथे एकदा हॉर्न वाजव. तो का म्हणून विचारतो. मी रानाकडे बघत राहतो.