कॅलेंडरच्या शाफ्टची चावी

चावी तिसऱ्यांदा तुटली तेव्हा साने साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावलं आणि दार लावून घेतलं. टेबलावर तुटलेल्या चावीचे दोन तुकडे पडले होते.

"परब, ही कोणी बसवली होती?"

"जाधव मिस्त्रींनी."

"मागच्या दोन?"

"त्याही त्यांनीच."

"आणि तिन्ही कधी तुटल्या? हरताळाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी. जाधव सभांना सगळ्यात पुढे असतात. मी काय समजायचं?"

संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीची ती वर्षं. लालबागच्या एका गिरणीत मी ड्राफ्ट्समन होतो, साने साहेब चीफ इंजिनियर. माणूस वाईट नव्हता, पण वरून विचारणा होत होती.

"शनिवारी जाधवांना चार्जशीट द्यायची आहे," ते म्हणाले. "त्याआधी तुमचा रिपोर्ट हवा. चावी मुद्दाम कमजोर केली होती असा."

"तुकडे बघून लिहितो," मी म्हणालो.

ही चावी कुलपाची नव्हे. फिरणाऱ्या शाफ्टवर, म्हणजे पोलादी दांड्यावर, गिअर बसवतात, तेव्हा शाफ्टला एक खाच पाडतात आणि गिअरच्या भोकात दुसरी. दोन्ही खाचा समोरासमोर आणून त्यांत पोलादाचा चौकोनी तुकडा ठोकतात. ती चावी. एकाची पिळाची ताकद दुसऱ्याला तीच पोचवते. ती नसेल तर एक फिरत राहील आणि दुसरा जागच्या जागी. आमची तुटत होती ती कॅलेंडरची; कॅलेंडर म्हणजे कापडाला इस्त्री करणारं यंत्र. जड रोलर एकमेकांवर दाबलेले, मधून कापड जायचं.

मी तुकडे खिशात टाकून मेकॅनिक खात्यात गेलो. जाधव मिस्त्री करी रोडच्या चाळीत राहायचे. माझ्या वयाइतकी त्यांची नोकरी झाली होती. मला बघून त्यांनी कानस खाली ठेवली.

"साहेब काय म्हणाले ते सगळ्या खात्याला ठाऊक आहे," ते म्हणाले. "सभेला जातो मी. लपवत नाय. पण मशीनवर राग काढायला मी काय येडा आहे?"

त्यांनी खणातून एक डबा काढला. आधीच्या दोन चाव्यांचे तुकडे त्यात जपून ठेवले होते. आम्ही ते भिंगाखाली धरले. कोणी कानशीने काप दिला असता तर ओरखडे दिसले असते. तसं काही नव्हतं. तिन्ही चाव्यांच्या बाजू दबल्या होत्या आणि धातू एकाच दिशेला ओढला गेला होता. म्हणजे चावी पुन्हा पुन्हा जादा जोर खात होती आणि शेवटी तुटत होती.

"हरताळाच्या दिवशी काय वेगळं असतं?" मी विचारलं.

"बाहेर घोषणा सुरू झाल्या की सगळे एकदम उठतात. एरवी जाताना रोलर वर उचलून ठेवतात. त्या दिवशी कोण थांबतंय? दुसऱ्या दिवसापर्यंत दाबूनच राहतात. मग सकाळी चालू करताना मशीन कसं कण्हतं, ऐकलंय कधी?"

मी ऐकलं नव्हतं. मी वरच्या मजल्यावर बसायचो. पण एवढं कळत होतं की त्यातला एक रोलर दाबलेल्या कापसाचा आहे. तसाच दाबून राहिला की एका बाजूने चपटा होणार आणि सुरू व्हायला जड जाणार.

टेबलाशी येऊन ड्रॉइंग उघडलं. खाली माझीच सही. पूर्वी हे कॅलेंडर पट्ट्यावर चालायचं. भार वाढला की पट्टा घसरायचा. वर्षापूर्वी त्याला स्वतःची मोटर आणि गिअर दिले. गिअर घसरत नाही. चावीचा हिशेब मीच केला होता आणि त्यात मशीन चालू असतानाचा भार धरला होता. सुरू होताना मोटर त्याच्या अडीच पट जोर लावते. तो आकडा मी धरलाच नव्हता. रोज सुरू होताना चावी थोडी थोडी दबत होती आणि हरताळानंतरच्या जड सुरुवातीला तुटत होती.

नोकरीतलं माझं कन्फर्मेशन अजून व्हायचं होतं. साहेबांना हवा तो रिपोर्ट चार ओळींत झाला असता आणि मला कोणी काही विचारलं नसतं. पण तुकडे भिंगाखाली बघून झाले होते.

दुसऱ्या दिवशी हिशेबाचा कागद साहेबांपुढे ठेवला. "साहेब, चूक ड्रॉइंगची आहे. माझी."

त्यांनी कागद दोनदा वाचला. "हे लेखी देणार?"

"हो."

"ठीक आहे. मग कडक पोलादाची चावी करा आणि विषय संपवा."

"नको साहेब. चावी तुटली तर नवी बसवता येते. ती तुटली नाही, तर गिअरचे दात जातील किंवा शाफ्ट जाईल. काही अडकलं तर आधी चावीच तुटायला हवी. फक्त रोज सुरू करताना नव्हे."

"मग लांब करा."

"गिअरमध्ये तेवढी जागा नाही. दोन चाव्या घालू, समोरासमोर. शाफ्टला दुसरी खाच सोसेल, हिशेब केलाय. पण दोन्ही एकाच वेळी टेकल्या पाहिजेत. एक केसभर जरी सैल राहिली तर सगळा भार दुसरीवर."

"ते कोण करणार?"

तसा हात गिरणीत एकाचाच होता.

साहेब म्हणाले, "जाधवांना बोलवा."

दुसरी खाच पाडून झाल्यावर जाधवांनी चाव्या बसवायला घेतल्या. तेलात कालवलेला शेंदूर चावीला लावायचा, बसवायची, काढायची आणि जिथे शेंदूर पुसला गेला असेल तिथेच कानस मारायची. आख्खा दिवस हेच चाललं होतं. मी शेजारी उभा होतो.

"रिपोर्टात स्वतःचं नाव घातलंत म्हणे?" मान वर न करता त्यांनी विचारलं.

"घातलंय."

"हं. तो कंदील जरा इकडे धरा."

चार्जशीट निघाली नाही. माझं कन्फर्मेशन सहा महिने लांबलं. बाहेर पडण्याआधी रोलर उचलावेत, अशी पाटी कॅलेंडरवर लागली. पुढच्या हरताळात ती कोणी वाचली नाही, आणि तरीही दुसऱ्या दिवशी मशीन निमूट सुरू झालं. साने साहेबांनी जाधवांची माफी कधी मागितली नाही. मी मात्र त्यानंतर प्रत्येक ड्रॉइंग सही करण्याआधी खाली जाधवांच्या बाकड्यावर घेऊन जाऊ लागलो. त्यातली निम्मी तरी दुरुस्त होऊन वर यायची.