शनिवारी बघितलेली गाडी

आम्ही दोघांनी मिळून शेवटचं काय केलं, तर एक गाडी चालवून बघितली. देवळात गेलो नाही, नातेवाइकांकडे गेलो नाही. लोअर परळच्या शोरूममधून एक छोटी ऑटोमॅटिक गाडी बाहेर काढली, लालबागपर्यंत नेली, परत आणून लावली. शनिवार होता. संध्याकाळच्या आत बायको गेली.

भेटायला येणारे विचारतात, शेवटी काय बोलली. गाडीचंच बोलली. दुसरं काय सांगू.

गाडी तिला पाहिजे होती, मला नको होती. मी गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर, होतो. संप झाला, गिरणी गेली, मग टॅक्सी धरली ती म्हातारा होईपर्यंत. ज्याने जन्मभर क्लच दाबला त्याला गाडीचं कौतुक काय असणार. डावा गुडघा त्यातच गेला. डॉक्टर म्हणतो जिने चढू नका. राहतो तिसऱ्या मजल्यावर. असो.

तिचं कारण जुनं होतं. संपात चूल पेटायची पंचाईत झाली तेव्हा मी तिला आणि मुलाला तिच्या माहेरी, मालवणकडे, भावाच्या घरी धाडलं. आमच्या सगळ्या चाळीने तेच केलं. बायका-पोरं गावाला, पुरुष इथे. वर्षाच्या वर ती तिथे राहिली. भाऊ चांगला. भावजय बोलायची, आणि नेमकी भात वाढताना बोलायची. मुंबईकरीण आली, पिशवीभर कपडे घेऊन, असं काहीबाही. हिने ऐकून घेतलं, त्यांच्या शेतात राबली आणि परत आली. त्यानंतर माहेरी राहायला म्हणून कधी गेली नाही. लग्नकार्याला जायची, जेवायची, मिळेल त्या एसटीने माघारी.

आता भावजय म्हातारी झाली, कानाने बहिरी झाली. पण हिच्या डोक्यात एकच बसलेलं. एकदा गणपतीला स्वतःच्या गाडीने जायचं आणि त्यांच्या खळ्यात उतरायचं. खळं म्हणजे आमच्याकडे घरापुढचं अंगण. नवऱ्याच्या शेजारी पुढे बसून जायचं. मी म्हणायचो, अगो, तिला आता ऐकूसुद्धा येत नाही. तर म्हणायची, "दिसतं ना?"

मुलगा पुण्याला नोकरीला. तो म्हणाला, घ्यायचीच तर ऑटोमॅटिक घ्या, बाबांच्या पायाला त्रास नको. पैशाचं त्याने बघितलं. मग आम्ही शोरूम हिंडायला लागलो. मी इंजिन ऐकायचो, ती डिकी उघडायची. तांदळाचं पोतं आणि दोन फणस मावले पाहिजेत. दादरला एक बघितली, ती तिला उंच झाली, चढताना साडी वर जाते म्हणाली. माटुंग्याला एक बघितली, तिच्यात बसल्यावर तिला समोरचा रस्ताच दिसेना. तिथल्या माणसाला तोंडावर म्हणाली, मी काय गावापर्यंत तुमचा डॅशबोर्ड बघत जाऊ? तिसरी ही लोअर परळची. बसली, पदर सारखा केला, पट्टा लावून घेतला आणि गप्प झाली. गप्प झाली म्हणजे पसंत.

शोरूमची बाई मागच्या सीटवर बसली. तिशीतली असेल, बोलायला गोड. तिने समजावलं, काका, डावा पाय विसरून जा, यात क्लच नाही, ब्रेक आणि ॲक्सिलेटर दोन्ही उजव्या पायाने. मी मान हलवली. टॅक्सीवाल्याला ही बाई काय शिकवणार.

फाटकाबाहेर पडलो आणि पुढची बस थांबली. माझा डावा पाय आपोआप खाली गेला. क्लच मुळापर्यंत दाबायची सवय, तसाच दाबला. तिथे होता ब्रेक. गाडी गचकन जागेवर उभी. मागची बाई पुढच्या सीटवर आदळली, तिच्याही मागे टेम्पोवाल्याने माझ्या आईची आठवण काढली. ही शांत.

"मीटर टाकला नाहीत ना," ती म्हणाली. "गाडी रुसली."

ते आमच्यातलं जुनं आहे. टॅक्सी शेठची. मीटर न टाकता फिरली की शेठ विचारायचा, म्हणून बायको बसली तरी मीटर खाली. त्यामुळे ती टॅक्सीत बसायचीच नाही. हॉस्पिटललासुद्धा चालत जायची. कधी बसलीच तर मागे, पॅसेंजरसारखी.

सिग्नलला पुन्हा तेच झालं. पुलाखाली पुन्हा. डावा हात गियर शोधत होता तो वेगळाच. शोरूमची बाई घाबरून म्हणाली, काका, पाय मागे दुमडून ठेवा. मी म्हटलं, बाई, दुमडत असता तर ही गाडी कशाला बघितली असती.

तेव्हा हिने हात लांबवला आणि माझ्या डाव्या गुडघ्यावर ठेवला. चांगला दाबून.

"मी धरते," म्हणाली. "तुम्ही चालवा."

परळपासून लालबागपर्यंत तिने तो हात काढला नाही. पाय उचलायला गेला की ती दाबायची. गाडी सरळ चालायला लागली. एवढ्या संसारात चारचौघांत तिने माझं बोटसुद्धा धरलं नव्हतं. ती समोर बघत होती. आमच्या चाळीच्या फाटकाशी गाडी हळू केली, तिने फाटक बघितलं, म्हणाली, आत जाईल.

परत आल्यावर ती म्हणाली, आताच बुकिंगला नाव लिहून टाकू. मी नाही म्हटलं. शनिवारी लोखंड घेत नाहीत. टॅक्सीवर असताना शनिवारी मी साधा पानासुद्धा विकत घेतला नाही. ती म्हणाली, आज नुसतं नाव लिहायचं, लोखंड कुठे घरी येतंय? शोरूमची बाईसुद्धा हसली. मी हटलो नाही. उद्या सकाळी येऊन लिहू म्हटलं.

"बरं," ती म्हणाली. "उद्या तर उद्या."

घरी येऊन डाळभात जेवलो. मग ती फोन घेऊन गॅलरीत गेली. बराच वेळ बोलत होती, मी लक्ष दिलं नाही. आत येऊन आडवी झाली. चहाच्या वेळेला हाक मारली, उठली नाही. शेजारच्यांनी डॉक्टरला आणलं. त्याने तिचा हात बघितला आणि मग माझ्याकडे बघितलं. मुलगा पुण्याहून पोचला, गावच्यांसाठी थांबायचं नाही असं ठरलं, आणि तिला रात्रीच भोईवाड्याच्या स्मशानात नेलं.

सकाळी तिचा भाऊ आला. कळल्याबरोबर मिळेल त्या बसमध्ये बसला होता. भिंतीला टेकून बसला, रडला. मग डोळे पुसून मला म्हणाला, "काल दुपारी तिचो फोन इल्लो. गाडी घेतलव म्हणान सांगल्यान. खळ्यातले चिरे काढून ठेव म्हणाली, गाडी फिराक जागा होयी."

मी विचारलं, वहिनीला सांगितलं का.

"तिच्या कानात वरडाक लावल्यान माका. सगळ्या वाडीन आयकला."

घेतली म्हणून सांगितलं होतं तिने. घेणार म्हणून नाही.

मी उठलो, अंघोळ केली, शर्ट चढवला. मुलगा म्हणाला, बाबा, सुतक आहे, निघालात कुठे? शोरूमला, म्हटलं. त्याला वाटलं म्हाताऱ्याचं डोकं फिरलं.

"आता कोणासाठी गाडी, बाबा?"

"घेतली म्हणून सांगून गेलीय ती. तिला खोटी पाडू?"

तो उठला. चपला घालून माझ्याबरोबर निघाला. गुडघा धरून धरून लोअर परळपर्यंत चालत गेलो.

शोरूमच्या आत पाऊल टाकलं नाही. सुतकात दुसऱ्याच्या धंद्याच्या जागी शिरू नये. पायरीखाली उभा राहिलो. कालची बाई बाहेर आली, म्हणाली, काका, उन्हात का उभे, काकी कुठे आहेत? मी सांगितलं. ती म्हणाली, कागद नंतर करू या का, घाई नाही.

मी म्हटलं, आजच, आणि बाहेरच आणा. तिने आणले. मुलाने वाचले, मी पायरीवर ठेवून सही केली. मग त्या बाईला सांगितलं, गणपतीच्या आत द्या, गावाला शब्द गेलाय.