खाटेखालच्या बिड्या

समोरच्या माणसाच्या खिशात काय आहे, ते नुसतं त्याच्या चेहऱ्याकडे बघून सांगणारा माणूस साऱ्या पुणे जिल्ह्यात एकच होता, आणि तो नेमका माझा सासरा होता. मामंजींनी उभी हयात रेल्वेत तिकिटं तपासण्यात घालवली. लग्नानंतरच्या पहिल्याच आठवड्यात मी कैरीची फोड पदराआड लपवून घरात शिरले, तर ओसरीवरून आवाज आला, "सूनबाई, मीठ डाव्या फडताळात हाय." त्या दिवसापासून मी त्यांच्यापासून काही लपवायचा नाद सोडला.

मी दौंडच्या एका खाजगी दवाखान्यात नर्स होते. सत्तरच्या दशकातली गोष्ट. तेव्हा हार्ट अ‍ॅटॅक आला की माणसाला काही आठवडे नुसतं पाठीवर निजवून ठेवत. आणि अशा निजलेल्या माणसाला औषधाच्या आधी आठवायची ती बिडी. मामंजी रिटायर झाले, घरी बसून कंटाळले आणि माझा दुपारचा डबा पोचवायच्या निमित्तानं वॉर्डात येऊ लागले. पहिल्याच दिवशी त्यांनी दारात उभं राहून सगळ्या खाटांवरून एकदा नजर फिरवली आणि एका गृहस्थांपुढे हात पसरून म्हणाले, "काढा." त्या गृहस्थांनी मुकाट्यानं उशीच्या अभ्र्यातून बंडल काढून दिलं. शिक्रापूरच्या एका ट्रक ड्रायव्हरनं सिगारेटचं पाकीट थर्मासमध्ये दडवलं होतं. मामंजींनी थर्मास कानाशी हलवला आणि अगदी मायेनं म्हणाले, "ड्रायव्हरसाहेब, चहा कधी वाजत न्हाई." पकडलेला सगळा माल पाणी तापवायच्या बंबात जाई. डॉक्टरसाहेब आधी कुरकुरले, मग त्यांनीच मामंजींसाठी वॉर्डात एक खुर्ची ठेवली.

पण नुसतं पकडून भागत नाही, हे मामंजी पुरतं ओळखून होते. "तलफ काय मुक्कामाला येत न्हाई, सूनबाई. येती आन् जाती. तेवढा वेळ मानसाला एकटं सोडायचं न्हाई, बस." म्हणून जेवणं झाली की ते खाटेशी खुर्ची ओढत, पेशंटच्या तळहातावर बडीशेप ठेवत आणि विनातिकीट प्रवाशांच्या हकिगती सुरू करत. संडासात दडलेला नवरदेव, बुरखा घेतलेला मिशीवाला पैलवान. गोष्ट ऐन रंगात आली की उठून टोपी घालत. "ऱ्हायलेलं उद्या, ह्याच टायमाला." सगळेच सुटले असं नाही. काही जण घरी जाताना फाटकाबाहेर पडायच्या आत काडी ओढत. पण बरेच सुटले, हे मी छातीठोकपणे सांगते.

मामंजींना हरवलं ते कुरकुंभकडच्या एका धनगर आबांनी. त्यांची बायको रोज भाकरी घेऊन येई. तिसऱ्या दिवशी मामंजींनी वरची भाकरी उचलली, तर खाली बिड्या! पण आबा ओशाळले नाहीत की हसले नाहीत. मामंजींची ती नवरदेवाची गोष्टसुद्धा ते छताकडे बघत ऐकून घेत. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, "यांनी ओढणं थांबवलं नाही तर पुढचा झटका झेपायचा नाही."

मामंजींनी शेवटी विचारलं, "आबा, आवं कशापायी जीव देताय?"

"टीसीसायेब, बारका व्हतो तवापासनं मेंढरामागं हिंडलो," आबा म्हणाले. "रानात बोलाया कोन हाय? बिडी तेवढी सोबतीला. औंदा पोरांनी मेंढरं इकली. म्हंत्यात, आता शेती करू. आता ही बिडीबी तुमी घिऊन जावा."

त्या दिवशी मामंजी घरी आले ते जेवलेच नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळीच भांडगावला गेले. दुपारी दवाखान्याच्या व्हरांड्यात एकच कालवा उठला. ज्यांनी रेल्वेच्या डब्यात कुणाला साधी कोंबडी आणू दिली नव्हती, ते मामंजी भांडगावहून आणलेलं कोकरू बगलेत घेऊन उभे होते. एसटीत कंडक्टर नको नको म्हणत असताना कोकराचं अर्धं तिकीटही काढलं होतं.

"हा दवाखाना आहे की गुरांचा बाजार?" डॉक्टरसाहेब ओरडले.

"साहेब, ते पेशंट न्हाई, नातेवाईक हाय," मामंजी शांतपणे म्हणाले. "भेटायची वेळ चारपर्यंत हाय ना?"

कोकरू खिडकीतून आबांच्या हाती गेलं. आबांनी त्याच्या तोंडात बोट घालून पाहिलं, पोट चाचपलं आणि पहिल्यांदाच आवाज चढवला, "आवं, उपाशी हाय की ह्ये! कुणी आईपासनं तोडलं ह्येला?" मग माझ्याकडून कापूस मागून घेतला, त्याचा बोळा केला आणि स्वतःच्या वाटचं दूध त्याला पाजत बसले. डॉक्टरसाहेब बघत राहिले आणि आत निघून गेले.

त्यानंतर कोकरू खिडकीबाहेरच्या लिंबाखाली बांधलेलं असे. तलफेच्या वेळी आता आबा बोलत आणि मामंजी ऐकत. लांडगा कसा येतो, पावसाचा वास मेंढरांना आधी कसा लागतो. एके दिवशी आबांच्या बायकोनं कमरेचं बंडल काढून माझ्या हातात दिलं. "ह्ये तुमच्या बंबात टाका, बाई. आता मागत न्हाईत."

आबा कोकरासकट घरी गेले. मामंजी मात्र दर रविवारी कुरकुंभला जाऊ लागले. "चेकिंगला जातो," म्हणत. आमच्या ह्यांच्याबरोबर मी एकदा गेले, तर दोघं म्हातारे बांधावर बसले होते. बोलतसुद्धा नव्हते.

आबा त्यानंतर बरीच वर्षं जगले आणि म्हातारपणानं, झोपेत गेले. मामंजी मातीला जाऊन आले, आंघोळ केली आणि ओसरीवर बसले. मी चहा ठेवला. तो तसाच निवला. मग त्यांनी मान वर केली.

"सूनबाई," ते म्हणाले, "आता रविवारचं कुठं जाऊ?"