तायाक्काला न धाडलेला निरोप

हे मी कुणापुढंच बोललेले नाही. नवऱ्यापुढं नाही, आईपुढं तर नाहीच. तुम्हाला का सांगतेय — माझं मलाच ठाऊक नाही.

मी आष्ट्याची. गावोगावी बायकांचे आरोग्याचे गट चालवते. गरोदरपणातल्या धोक्याची चित्रं दाखवायची, आणि आपल्या गावात काय करायचं ते बायकांनाच ठरवू द्यायचं, एवढं काम. आमच्या ऊसपट्ट्यात बैठक म्हटलं की सासवा सुनांना सोडायच्या नाहीत. मग मी बैठकीलाच हळदीकुंकू ठेवायला लागले. हळदीकुंकवाला कोण नाही म्हणणार? गट भरले. लय कौतुक झालं माझं. डोक्यात हवा गेली — खोटं कशाला बोलू?

पुढं आटपाडीकडं मेंढपाळांच्या एका वस्तीवर पाठवलं, तिथंही मी हळदीकुंकूच ठेवलं. तिथली रीत काय, बाया कुणाचं ऐकतात, हे माहीत नव्हतं म्हणून — नाही. माहीत होतं. पहिल्याच दिवशी एका पोरीनं पाण्याचा तांब्या हातात देता देता सांगितलं होतं, इथं पोटुशी बाई दवाखान्यात न्यायची का नाही, ते तायाक्का ठरवते.

तायाक्का वस्तीची सुईण. नवरा जाऊन वर्षं झालेली, कपाळ मोकळं. तिला हळदीकुंकवाला कसं बोलवायचं? आणि हळदीकुंकू सोडलं, तर गट भरेल कशावरून? मी माझ्या सोयीचं तेवढं केलं.

बैठक देवळात भरली. तायाक्का समोरच्या कट्ट्यावर लोकर कातत बसलेली, चार पावलांवर. मान वर करून करून बघत होती. मला दिसत होतं. मी हाक मारली नाही. तोंड सुजणं, डोकं ठणकणं, डोळ्यापुढं अंधारी — ती चित्रं मी तिच्याकडं पाठ करून बाकीच्यांना दाखवली. बाकीच्या तिला काय सांगणार? सुईणीला शिकवायला कोण जातंय?

थोड्याच महिन्यांत तिच्याच सुनेचं, संगीचं, तोंड सुजलं. आठवा लागला होता. डोकं दुखतंय म्हणाली. ऊन लागलं असंल, म्हणून तायाक्कानं तिच्या कपाळाला कांदा चोळला, सावलीला निजवलं. तिसऱ्या दिवशी झटके आले. गाडी येईपर्यंत संगी गेली. पोटातलं लेकरूही गेलं.

मी भेटायला गेले. तायाक्का भिंतीला टेकून बसलेली. तिनं एवढंच विचारलं, "ताई, तुज्या त्या चित्रात ह्ये हुतं का गं?"

"होतं," मी म्हणाले. तिथं तरी थांबायचं ना? तेव्हाच जीभ झडली असती तर बरं झालं असतं. "तुम्हाला निरोप धाडला होता की आक्का. तुम्हीच आला नाहीत."

कधी धाडला होता? कुणाबरोबर? मला वाटलं, आता ही उसळणार, खोटारडी म्हणणार. तिनं नुसती मान हलवली. "व्हय. धाडला असशील. माजंच कान गेल्यात. म्याच आले न्हाई."

मी उठले, आणि चारच्या एसटीनं परत आले.

आता हळदीकुंकू बंद केलंय. तायाक्का सगळ्यांच्या पुढं बसते. एखादी सासू कुरकुरली, की काठी टेकत तिच्या दारात जाते. "ताईनं मला बोलावलं हुतं, म्या गेले न्हाई. माजी सून गेली. तू तरी चल." बायका येतात. वेळेवर दवाखान्यात जातात. गट भरतो तो तिच्या त्या बोलण्यावर. मग मी खरं सांगितलं तर उद्या कोण येणार? — बघा, परत सबब. बायका यायच्या थांबतील म्हणून नाही. मी भित्री आहे म्हणून गप्प आहे.

परवाच्या बैठकीतही तिनं सगळ्यांसमोर ते सांगितलं. सांगून झाल्यावर माझ्याकडं वळून हात जोडले. मी पिशवीतून चित्रं काढली.