माहेरच्या माणसाला पाणी

ज्योतीराम बोराटे विमा कंपनीत लागला तेव्हा त्याच्या गावात, मोशीत, कुणालाच उमगेना, की हा नेमकं करतो तरी काय. आग लागली की जातो, पण विझवत नाही. नळ फुटला की जातो, पण दुरुस्त करत नाही. नुसता बघतो आणि लिहितो. म्हातारे म्हणायचे, तलाठ्याचंच काम दिसतंय हे. ते फारसे चुकत नव्हते.

सात इयत्ता झालेल्या, अक्षर चांगलं. चिंचवडात दोन खोल्या, बायको कौशल्याबाई आणि कंपनीची सायकल, एवढा संसार. साल सत्तावन्न. पिंपरीला औषधांचा सरकारी कारखाना सुरू झाला होता आणि त्याच्या आसऱ्याने रस्त्याकडेला पत्र्याच्या शेडी उभ्या राहत होत्या. कुणी बाटल्यांची बुचं करी, कुणी लेबलं छापी, कुणी पुठ्ठ्याची खोकी बनवी. प्रत्येकाच्या माथ्यावर पाण्याची टाकी आणि भिंतीवरून उतरलेले लोखंडी नळ. बसवणारे घाईत, बसवून घेणारे त्याहून घाईत. मग नळ फुटायचे, माल भिजायचा, मालक विम्याचा कागद शोधायचा आणि पुण्याचा साहेब ज्योतीरामला पाठवायचा.

त्या कागदात दोनच गोष्टी महत्त्वाच्या. नळ अचानक फुटला तर भरपाई. आधीपासून गळत असेल आणि मालकाला ते ठाऊक असेल, तर काही नाही. या दोन्हींतलं काय खरं, ते शोधणं ही ज्योतीरामची नोकरी.

त्याची एक रीत होती. मालक खोटं बोलणार हे तो धरूनच चाले. म्हणून तो सरळ आत जाई, कामगारांत बसे आणि म्हणे, "जरा पाणी द्या." आलेल्याला पाणी द्यायला आपल्याकडे कोण नाही म्हणतं? पाण्याबरोबर दोन शब्द येत, दोनाचे चार होत. साहेब कौतुकाने म्हणे, बोराटे तांब्याभर पाण्यात केस सोडवतो. ज्योतीरामला ते गोड लागे. दारात आलेल्याला माणसं भाबडेपणाने पाणी देतात आणि आपण त्याचा धंदा करतो, हे काही त्याच्या मनाला टोचत नव्हतं.

त्या वर्षी मार्गशीर्षात दौलतरावांच्या शेडीत नळ फुटला. दौलतराव औषधाच्या कारखान्याला खोकी पुरवत. पंचवीस बाया तिथे खळ लावून पुठ्ठे चिकटवत. रविवारी सुट्टी, शेडीला कुलूप. टाकीतून खळीच्या चुलीकडे येणाऱ्या नळाचा सांधा सुटला आणि सोमवारी दार उघडलं तेव्हा पुठ्ठ्यांच्या थप्प्या फुगून लापशी झाल्या होत्या. नवा पुठ्ठा आणायला दौलतरावांपाशी विम्याशिवाय आधार नव्हता. विमा मिळाला तर शेड चालणार, नाही तर कुलूप. हे पंचवीस बायांना पाठ होतं, आणि ज्योतीरामलाही.

त्याने सांधा पाहिला. गंज होता, भिंतीवर ओलीचा डाग होता. पण गंज काय, कुठल्याही नळाला असतो. नुसत्या गंजावर दावा नाकारता येत नाही. तो बायांत जाऊन बसला आणि पाणी मागितलं.

पाणी घेऊन अंबूबाई आली. चाळिशीची, विधवा, हाताला वाळलेल्या खळीचे पोपडे. तिने त्याचं बोलणं ऐकलं आणि थबकली.

"कुन्या गावचं म्हनायचं तुमी?"

"मोशीचा."

"मोशीचं? मग माज्या म्हायेरचंच की." तिचा चेहराच बदलला. ती लगबगीने परत गेली आणि तांब्याशेजारी पानावर गुळाचा खडा ठेवून आली. "दादा, आदी गूळ खावा. म्हायेरच्या मानसाला नुसतं पानी कसं द्याचं?"

ज्योतीरामने गूळ खाल्ला. पाणी गार होतं. तो म्हणाला, "पाणी लई गार हाय. कुठलं गं?"

मोशीची बोली त्याच्या जिभेवर आपोआप आली की त्याने आणली, हे त्याचं त्यालाच ठाऊक.

अंबूबाई कौतुकाने सांगू लागली. "त्या सांद्यातून ठिबकत हुतं, दिवाळीपासनं. जलम गेला इंद्रायनीवरनं हंडं वाहन्यात, असं पानी वाया जाताना बगवंना. म्या खाली कळशी बांदली. सांजच्याला भरायची. एक थेंब खाली पडू दिला न्हाई, दादा. ह्ये त्याच कळशीतलं."

"मालकांना सांगितलं हुतंस?"

"दोनदा. म्हनले, बगू." मग तिला वाटलं, मालकांवर बोट यायला नको. "त्यांचा काय दोस न्हाई. आमी मालाची काळजी घेतली, येवडं तुमच्या सायबाला कळवा."

तिला वाटत होतं, काळजी घेतल्याचं सांगितलं की कंपनी खूश होईल. ज्योतीरामला पहिल्या वाक्यालाच कळलं होतं की केस संपली. तो थांबू शकला असता. तांब्या खाली ठेवून, बरं आहे बाई, म्हणून उठू शकला असता. त्याने वही काढली. तिचे शब्द लिहिले, वाचून दाखवले.

"लिवा की," अंबूबाई म्हणाली, "खरंच हाय त्ये." आणि खळ पुसून अंगठा दिला.

लिहिलेल्यात काडीचंही खोटं नव्हतं. खऱ्याला कोण नावं ठेवील? पण खरं काढून घ्यायचीही एक रीत असते, आणि माहेरच्या नावाने गूळ खाऊन ते काढणं याला मी तरी चांगलं म्हणणार नाही.

महिन्याने कंपनीचं पत्र आलं. दौलतरावांनी ते शेडीत उभं राहून मोठ्याने वाचलं. कामगार अंबूबाई हिच्या जबानीवरून गळती मालकास आधीपासून ठाऊक होती, सबब दावा नामंजूर. बायांनी आपापल्या भाकरीच्या दुरड्या उचलल्या. मंजुळाबाई, जिच्याबरोबर अंबूबाई रोज कामाला येई, ती तेवढी जाताना म्हणाली, "माहेर मिळालं ना तुला? आता त्यावरच जग."

चिंचवड केवढंसं. चार दिवसांत सगळीकडे झालं, ही बाई मालकाचं बुडवते. बुचांच्या शेडीत तिला घेतलं नाही, लेबलांच्याही नाही. पाणवठ्यावर बाया तिला पाहून गप्प होत.

माघात एका सकाळी ती ज्योतीरामच्या दारात उभी राहिली. काखेत बोचकं. कौशल्याबाईंनी तिला ओळखलं नाही, पण आत घेतलं, पाट दिला, गूळपाणी पुढे ठेवलं. ज्योतीराम कामावर निघायच्या बेतात होता. तो दारातच उभा राहिला.

"दादा, म्या खोटं बोलले व्हय?"

"न्हाई."

"मग समद्यांचं काम माज्यामुळं कसं काय गेलं?"

त्याने सांगितलं. आधीपासून गळत असेल आणि मालकाला ते ठाऊक असेल तर पैसे मिळत नाहीत, असा करार असतो. अंबूबाईने सगळं ऐकून घेतलं.

"म्हंजे म्या कळशीचं सांगितलं, तवाच तुमास्नी कळलं हुतं."

"व्हय."

"आन् तांब्या तुमच्या हातातच हुता."

ज्योतीरामला खूप काही सांगायचं होतं: नोकरी, साहेब, खऱ्याची शपथ. त्याला आयुष्यात पहिल्यांदा स्वतःची लाज वाटली.

अंबूबाईने बोचकं उचललं. "निघोज्याकडं रस्त्याला खडी फोडायचं काम निघालंय. तितं चाललेय. वाटंत मोशी लागंल, पर थांबायची न्हाई."

"पाणी तर पी," तो म्हणाला.

"तहान न्हाई," ती म्हणाली, आणि कौशल्याबाईंना नमस्कार करून पायऱ्या उतरली. निघोजं तिथून दहा-बारा मैल, आणि ऊन आत्ताच चढायला लागलं होतं.

कौशल्याबाईंनी सगळं ऐकलं होतं. त्यांनी गुळाचा खडा परत डब्यात टाकला. तांब्याला मात्र हात लावला नाही.

"ते आता तुम्हीच प्या," त्या म्हणाल्या आणि आत गेल्या.

ज्योतीरामने तांब्या उचलला, आणि तसाच खाली ठेवला.