जाकिटाचं गाऱ्हाणं

चहाचा कप आधी खाली ठेवा. नाकातून आला तर माझ्या नावानं बोंब मारायची नाही! कारण मी जो घोळ घातलाय ना, तसला घोळ मालवणच्या धक्क्यावर कोणी घातला असेल तर त्याला माझ्यासमोर आणा, मी त्याचे पाय धरतो.

माझा सदामामा डॉल्फिन दाखवायची बोट चालवतो. तो तांडेल, परवाना त्याच्या नावावर. मी दहावीत गटांगळी खाल्ल्यापासून त्याच्याच बोटीवर. काम एकच: पाहुणा चढला की त्याला नारिंगी जाकीट चढवायचं, पट्टा आवळायचा. मामाचा कायदा सोपा.

"बोटीत चडलो तो माझो. पोर असो नायतर आजो. बुडलो तर लोक तेका नाय इचारूचे, माका इचारतले!"

त्या दिवशी कोल्हापूरचे अण्णा आले. केवढे? ते चढले तशी बोटच वाकून त्यांना नमस्कार करायला लागली! मागे काकू, मुलगे, सुना, सगळी फौज. फौजेनं गपगुमान जाकिटं घातली. अण्णा? छे!

"आरं हट्! पंचगंगेच्या पुरात उड्या मारलेला गडी हाय मी. हे बारक्या पोरांस्नी घाल!"

"अण्णानू, मामा बोट सोडूचो नाय."

"मी काय कुकुलं बाळ हाय? माझी जबाबदारी माझी!"

मामा डिझेल आणायला गेलेला. आणि मामा नसला की माझ्या डोक्यात किडा वळवळतो. म्हटलं, अण्णांना जरा घाबरवूया.

आता आमच्याकडे देवाला काही सांगायचं तर गाऱ्हाणं घालतात. एकानं नारळ धरून खणखणीत सांगायचं, आणि दर वाक्याला बाकीच्यांनी ओरडायचं, "होय म्हाराजा!" एकदा होय म्हटलं की संपलं. मोडायची टाप नाही कुणाची!

मी बोटीच्या नाकाशी ठेवलेला नारळ उचलला.

"बरा, जाकीट नको. पण मगे दर्याक गाऱ्हाणा घालूक व्हया." आणि केली सुरुवात. "बा दर्याच्या राजा म्हाराजा!"

"होय म्हाराजा!" आजूबाजूच्या बोटींवरचे खलाशी सवयीनं ओरडले. त्यांना काय, झोपेतून उठवून गाऱ्हाणं घातलं तरी ओरडतील.

"ह्यो कोल्हापूरचो पावणो मोठो जाणतो, जाकीट घालूचो नाय म्हणता म्हाराजा!"

"होय म्हाराजा!"

"तो आज तुझ्या पोटात इलो, तर माझ्या मामाचो दोष नाय म्हाराजा!"

"होय म्हाराजा!"

"तुझ्या माशांका वरसभराचा जेवाण व्हतला, तेंका अजीर्ण होव देव नको म्हाराजा!"

"होय म्हाराजा!"

मी हळूच एक डोळा उघडला. अण्णा पांढरेफटक पडले असतील ना? कसलं काय! अण्णा हात जोडून उभे, डोळ्यांत पाणी!

"आयला! अख्ख्या बंदरानं माझ्यासाठी देवाला हाक मारली! सरपंचकीला उभा राहिलो तवा घरची बी एवढी वरडली न्हाईत. आता मला कोण बुडवतंय?"

हे ऐकल्याबरोबर काकूंनी सटकन पट्टा सोडला. "मग माझं बी गाऱ्हाणं घाला की! ह्यात जीव उकडतोय."

काकूंचं बघून मुलांनी सोडला. मुलांचं बघून सुनांनी. बोटीत जाकिटांचा ढीग! शेजारच्या बोटीतले पाहुणेसुद्धा जाकिटं काढून हाका मारायला लागले, "ओ भाऊ, आमचंपण घाला ना एक गाऱ्हाणं!"

"काकीनू, घालात परत! मी मस्करी केलंय!"

"देवाची मस्करी करतोस व्हय रं?" काकूंनी उलट मलाच झापलं.

आणि बघतो तर मामा! एका हातात डिझेलचा कॅन, आणि बाजूला कोण? बंदरावर तपासणीला आलेले साहेब!

"तांडेल," साहेब म्हणाले, "एकाच्याही अंगात जॅकेट नाही? बोट बंद करावी लागेल."

मामाचा चेहरा वाळत घातलेल्या बांगड्यासारखा झाला. ऐन मे महिना. बोट बंद म्हणजे घरातली चूल बंद.

अण्णा मध्ये पडले. "सायेब, तांडेलाचा काय संबंध? आमी शाणीसुरती माणसं. आमची जबाबदारी आमी देवावर टाकलीया!"

"परवाना देवाच्या नावावर नाही," साहेब म्हणाले. "तांडेलाच्या नावावर आहे."

मामानं एकच विचारलं. "गाऱ्हाणा कोणी घातल्यान?"

अख्ख्या धक्क्यानं माझ्याकडे बोट केलं. खलाशांनीसुद्धा! मघाशी गळा फाडून ओरडणारे हेच!

मामानं माझ्या हातातला नारळ काढून घेतला. मला वाटलं, फुटला माझ्या टाळक्यात! पण नाही. गाऱ्हाणं गाऱ्हाण्यानंच उतरतं.

"बा दर्याच्या राजा म्हाराजा! ह्या पोरान जा काय येडावाकडा सांगल्यान, ता इसर म्हाराजा!"

"होय म्हाराजा!"

"माझ्या बोटीत जो जाकीट घालतलो, तेचीच राखण कर म्हाराजा!"

"होय म्हाराजा!" म्हणता म्हणता काकूंनी ढिगावर झडप घातली. तळातलं सगळ्यात मोठं जाकीट त्यांनी अण्णांवर चढवलं, पट्टा शेवटच्या टोकापर्यंत सैल करून. पंचगंगेच्या गड्यानं कुकुल्या बाळासारखे हात वर केले! मागोमाग फौजेनंही आपापली चढवली, तसे साहेबही बोट बंद करायचं सोडून पुटपुटले, "होय महाराजा." अगदी शुद्ध मराठीत.

मी सुटकेचा श्वास सोडतोय, तोवर मामा माझ्याकडे वळला.

"आणि ज्येना ह्यो उपद्व्याप केल्यान, तो पावस पडापर्यंत, ह्या रखरखीत उनात, स्वता जाकीट घालून धक्क्यार उभो रवांदे, आणि चडणाऱ्या प्रत्येकाच्या पायां पडून जाकीट घालांदे म्हाराजा!"

"होय म्हाराजा!" अख्खा धक्का दणाणला.

आणि त्यात सगळ्यात मोठ्ठा आवाज कुणाचा? जन्माची सवय हो, तोंड काय थांबतंय… माझाच!